तीन पट्ट्या आणि चिमूटभर

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. पंधरा वर्षं मीटिंगांत तोंडाची वाफ दवडल्यावर अखेर बिल्डर ठरला, सह्या झाल्या, आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची म्हणून माळा रिकामा करायची वेळ आली. माळ्यावर काय होतं ते सांगत बसत नाही, सगळ्यांच्या माळ्यावर असतं तेच. पाण्याचा बंब, मुलीची तीनचाकी, मखराचे तुकडे, कुणाचा ते आता कुणालाच आठवत नाही असा एक होल्डॉल. आणि सगळ्याच्या मागे चार खोकी. प्रत्येकावर माझ्या तिशीतल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : 'उभं ठेवा'. त्यातली दोन आडवी होती.

खोकी उतरवणारा मुलगा म्हणाला, "काका, फरशा आहेत का ह्यात?"

फरशा नव्हत्या. रेकॉर्ड्स होत्या, १४३. लता-आशाच्या नव्हेत, वसंतरावांच्याही नव्हेत. त्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या होत्या आणि त्या केव्हाच भावाकडे गेल्या. या माझ्या, १९८३ ते १९८९ या सहा वर्षांत मिनीॲपोलिसमध्ये जमवलेल्या. त्यांतल्या बहुतेक बँडांची नावं पुण्यात उच्चारली तर समोरचा "कोण?" असं विचारतो आणि सांगितल्यावर "असेल" म्हणतो.

या संगीताला तिकडे 'अंडरग्राउंड' म्हणत. अण्णांना मी पहिल्यांदा हा शब्द सांगितला तेव्हा ते म्हणाले, "भूमिगत? भूमिगत म्हणजे बेचाळीस साली अच्युतराव पटवर्धन होते ते. हे कुणापासून लपलेत?" प्रश्न चोख होता. ही मंडळी कुणापासूनच लपलेली नव्हती, कुणी त्यांना शोधतच नव्हतं. रेडिओ त्यांना लावत नसे, मोठ्या कंपन्या विचारत नसत. म्हणून रेकॉर्ड आपणच काढायची, पत्रकं झेरॉक्स करायची, व्हॅनमध्ये वाद्यं टाकून गावोगाव जायचं आणि रात्री ओळखीच्याच्या फरशीवर पसरायचं. मराठीत याचा जवळचा नातलग शोधायचा तर साठच्या दशकातली अनियतकालिकं, 'असो', 'वाचा' वगैरे. छापायचं कुणी नाही तर आपणच सायक्लोस्टाईल करू, हीच खुमखुमी.

माझ्याकडची एक रेकॉर्ड तर थेट त्याच जातीची आहे. द रिप्लेसमेंट्स या बँडची १९८२ सालची 'स्टिंक'. आठ गाणी, पंधरा मिनिटांच्या आत खेळ खलास. कव्हर कोरं पांढरं आणि त्यावर रबरी शिक्का. पहिल्या प्रतींवर हे शिक्के हातानेच मारले होते. माझ्या प्रतीवरचा शिक्का तलाठ्याने घाईत मारल्यासारखा तिरका आहे आणि एका कोपऱ्यात शाई फुटली आहे. सुरुवातीला गाणं नाहीच, एका पार्टीवर आलेल्या मिनीॲपोलिसच्या पोलिसाचा आवाज आहे, सगळ्यांना घरी जा म्हणून सांगणारा. त्या वेळी बँडमध्ये बेस वाजवणारा टॉमी स्टिन्सन पंधरा वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयात मुलगा दहावीच्या क्लासला असतो.

मी तिकडे गेलो तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला. खोलीचं भाडं, पुस्तकं आणि हिवाळ्याचे बूट यांतून काही उरेना, म्हणून विद्यापीठाच्या एका मेसमध्ये भांडी घासायचं काम धरलं. तासाला ३ डॉलर ३५ सेंट. सरकारने ठरवलेला किमान दरच तो. म्हणजे एक रेकॉर्ड घ्यायची तर दोन-अडीच तास भांडी. हा हिशोब अजून माझ्या डोक्यात आहे. १४३ रेकॉर्ड्स पाहिल्यावर मला आधी आठवतात त्या जेमतेम धुतलेल्या ट्रे आणि हाताला येणारा क्लोरीनचा वास.

शेजारच्या सिंकवर एक मिनेसोटाचाच मुलगा असायचा, उंच, अबोल, कायम एकच फाटका स्वेटर घातलेला. चार महिने आम्ही 'हाय' पलीकडे बोललो नव्हतो. एका शुक्रवारी त्याने विचारलं, येतोस का? कुठे ते सांगितलं नाही. बाहेर उणे वीस. मी गेलो, कारण खोलीवर जाऊन वरणाचा कुकर लावण्यापलीकडे मला दुसरं काम नव्हतं.

डाउनटाउनमध्ये फर्स्ट ॲव्हेन्यू नावाचा क्लब आहे. मूळचा तो ग्रेहाउंड बसचा डेपो. १९७० मध्ये डेपोचा क्लब झाला. म्हणजे आपल्या जुन्या स्वारगेट स्टँडात रात्री बँड वाजायला लागले तर कसं दिसेल, ते मनात आणा. प्रिन्स या तिथल्याच गायकाने 'पर्पल रेन' या आपल्या गाजलेल्या सिनेमातल्या गाण्यांपैकी काही १९८३ च्या ऑगस्टमध्ये इथेच, लोकांसमोर रेकॉर्ड केली. त्याच इमारतीच्या कडेला आणखी एक छोटं दार, सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री. आत काळ्या भिंती, बुटकं छत, दोन-अडीचशे माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. तिथे मी हुस्कर डू नावाच्या बँडला ऐकलं.

ऐकलं म्हणणंही तसं खरं नाही. पहिली दहा मिनिटं मला सूर, शब्द, ताल यातलं काहीच लागलं नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहिल्यावर जे होतं ते झालं. नुसता आवाज, सगळीकडून. तीनच माणसं, पण गिटारवाला बॉब मोल्ड तेवढ्यात दहा जणांचा कल्ला करत होता. बेसवाल्या ग्रेग नॉर्टनच्या मिशा आकडेबाज, आपल्याकडच्या जुन्या फौजदाराला शोभतील अशा. आणि ड्रमवर अनवाणी पायांचा ग्रँट हार्ट. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू. मग कधीतरी कान सरावले आणि त्या पत्र्याखाली कुणीतरी साधी, सरळ चाल गुणगुणतंय असं लक्षात आलं. चांगली चाल, आईने एकदा ऐकून स्वयंपाकघरात म्हणावी अशी. बाहेर आलो तर कानात रातकिडे, ते दोन दिवस गेले नाहीत.

बँडच्या नावाचा अर्थ मला त्या स्वेटरवाल्यानेच सांगितला. हुस्कर डू हा डॅनिश-नॉर्वेजियन भाषेतला प्रश्न आहे : आठवतंय का? त्या नावाचा लहान मुलांचा एक पटावरचा खेळ अमेरिकेत विकला जायचा, चित्रांच्या जोड्या लक्षात ठेवण्याचा. पोरांनी नाव उचललं आणि त्यातल्या दोन्ही u अक्षरांवर दोन-दोन टिंबं दिली. टिंबांना अर्थ नाही, रुबाबापुरती.

मग लिंडेल ॲव्हेन्यू आणि सव्विसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं रेकॉर्डचं दुकान. नाव ओर फोकजोकोपस, दोन वेगवेगळ्या रेकॉर्ड्सची नावं जोडून केलेलं. दर पंधरा दिवसांनी पगार झाला की मी तिथे. दुकान पुढे ट्रीहाउस झालं आणि २०१७ मध्ये तेही बंद पडलं.

तर आता खोकी खाली आली होती. बुरशी अपेक्षेएवढी नव्हती, पण होती. कव्हरांवर पिवळट ठिपके, दोन-चार तबकड्यांवर पांढरट जाळी. मुलगी म्हणाली, "बाबा, फोटो काढून विकून टाकू या ना. व्हायनलला भाव आलाय." तिला वाटलं मी चिडेन. मी म्हटलं, धुऊ तर आधी. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि अण्णांच्या जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा. मधल्या लेबलवर स्टीलची वाटी उपडी धरायची, म्हणजे कागद भिजत नाही. खाचांच्या दिशेने हलक्या हाताने पुसायचं आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटांसारखं उभं करायचं. भांडी घासण्यातून जन्मलेला संग्रह शेवटी पुन्हा सिंकपाशी आला.

धुतलेली रेकॉर्ड खिडकीशी तिरकी धरून बघायची असते, ओरखडे कळतात. तशी बघता बघता मला भलतंच काही कळायला लागलं.

न वाजलेली रेकॉर्ड काळीभोर, पाणीदार दिसते. तीच बाजू शंभरदा वाजली, आणि माझ्यासारखी झिजक्या सुईने वाजली, की खाचांच्या कडा खरडल्या जातात आणि तिथे राखाडी झाक येते. नव्या आणि हजारदा धुतलेल्या सुती कापडात फरक दिसतो तसा. म्हणजे कुठली बाजू किती ऐकली त्याची नोंद तबकडीवरच होत राहते. अशा उजेडात मी माझ्या १४३ रेकॉर्ड्स एकेक करून बघितल्या आणि गेली पस्तीस वर्षं मी लोकांना काय काय थापा मारल्या ते लख्ख दिसलं.

मिनटमेन या कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोच्या बँडचा 'डबल निकल्स ऑन द डाइम' हा १९८४ चा जोडसंग्रह. दोन तबकड्या, चाळीसवर गाणी. पुण्यात परतल्यावर कट्ट्यावर कुणी विषय काढला, की मी यांचं नाव आधी घ्यायचो. कामगारांची पोरं, राजकारणाची जाण, गाणी मिनिट-दीड मिनिटाची, कवितेसारखी. भाषण तयार होतं. तबकडी उजेडात धरली तर आरशासारखी. पहिली बाजू कदाचित तीनदा वाजली असेल. बाकीच्या तीन बाजूंना सुई लागली की नाही, शंकाच आहे.

उलट रिप्लेसमेंट्स. त्यांना मी नेहमी 'दारुडी पोरं' म्हणून निकालात काढत आलो. त्यांच्या १९८४ च्या रेकॉर्डला त्यांनी बीटल्सच्याच रेकॉर्डचं नाव दिलं, 'लेट इट बी'. कव्हरवर चौघे घराच्या छपरावर बसलेत, स्टिन्सन भावांच्याच घराच्या. ती रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी राखाडी. एवढी, की मुलीने विचारलं, "ही वेगळ्या प्लास्टिकची आहे का?"

तिने भाव शोधून काढले. जुन्या रेकॉर्ड्सच्या बाजारातली प्रतवारी मजेशीर आहे. 'गुड' म्हणजे जवळजवळ टाकाऊ. 'व्हेरी गुड' म्हणजे चालवून घ्या. खरा भाव 'निअर मिंट'ला, म्हणजे जिला कुणी फारसा हात लावला नाही तिला. त्या हिशोबाने माझ्याकडचा सगळा महागडा माल म्हणजे मी मिरवायला घेतलेला आणि न ऐकलेला माल. जो मनापासून ऐकला तो भंगार.

आता 'झेन आर्केड'. हुस्कर डूचा जोडसंग्रह, जुलै १९८४. घर सोडून गेलेल्या एका मुलाची गोष्ट दोन तबकड्यांत सांगितलीय. कॅलिफोर्नियात रेकॉर्ड झाला. तेवीस गाणी, त्यातली दोन सोडता सगळी पहिल्याच टेकची. मिक्सिंग सलग चाळीस तास बसून. सगळा खर्च ३,२०० डॉलर. कंपनीने आधी साडेतीन ते पाच हजारच प्रती काढल्या आणि त्या बघता बघता संपल्या. कव्हरवर मोडक्या गाड्यांच्या भंगारातून चाललेली तीन माणसं, फोटोवर रंग चढवलेले. आवाज पातळ, पत्र्याचा. लोक त्याला नावं ठेवतात. मला पत्र्याचं वावडं नाही, आमची लहानपणची खोली पत्र्याचीच होती.

पहिल्या बाजूला शेवटी 'हरे कृष्ण' आहे, त्याच मंत्राचा, पण आरडाओरडा करत. हे गाणं मी मिनीॲपोलिसच्या मराठी मंडळींच्या गणपतीत एकदा गंमत म्हणून लावलं होतं. कुणी हसलं नाही. एका काकूंनी प्रसादाचं ताट झाकून ठेवलं.

चौथ्या बाजूला जवळजवळ चौदा मिनिटांचं एक शब्दाविना वादन आहे. दिवा मालवून, डोळे मिटून ते ऐकायचो, असं मी बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं. चौथी बाजू काळीभोर निघाली. बायकोला दाखवली नाही.

पहिली बाजू मात्र वेगळी. ती सगळीकडे सारखी राखाडी नव्हती. बाहेरून तिसऱ्या गाण्याच्या जागी बोटभर रुंदीसुद्धा नाही असं एक कडं होतं, आजूबाजूपेक्षा स्पष्ट फिकट. आणि त्या गाण्याच्या आधी, दोन गाण्यांमध्ये असते त्या गुळगुळीत रेघेवर बारीक बारीक ओरखडे. चष्मा काढून, तबकडी डोळ्याजवळ नेऊन बघितलं. एकमेकांना चिकटून पंधरा-वीस, कदाचित जास्तच. हाताने सुई उचलून नेमकी तिथे ठेवायचा प्रयत्न केला आणि हात थरथरला, की उमटतात ते.

गाणं ग्रँट हार्टचं, 'नेव्हर टॉकिंग टू यू अगेन'. या सगळ्या गदारोळात ते एकटंच ॲकूस्टिक गिटारवरचं, पावणेदोन मिनिटांच्या आत संपणारं.

१९८४ च्या नोव्हेंबरात मी अण्णांना पत्र लिहिलं होतं की पीएच.डी. सोडतोय, इथेच नोकरी धरणार, परत यायचं ठरवलेलं नाही. उत्तर चार ओळींचं आलं. त्या ओळी इथे लिहीत नाही. मी पुढे सात महिने त्यांना पत्र घातलं नाही. आईची एअरोग्राम यायची, त्यात खाली 'अण्णा बरे आहेत' एवढंच. मी आईला उत्तर द्यायचो आणि त्यात अण्णांचा उल्लेख गाळायचो. या सात महिन्यांबद्दल कुणी विचारलं तर मी आजवर सांगत आलो की मला काही वाटलं नाही, कामात होतो, वय होतं ते. माझी तशी खात्रीच झाली होती. आणि आता हे फिकट कडं.

पुढे जूनमध्ये मीच पत्र लिहिलं, वेगळ्याच कशाबद्दल तरी, आणि त्यांनीही वेगळ्याच कशाबद्दल तरी उत्तर दिलं. आमच्या घरात भांडणं अशीच मिटतात. पीएच.डी. झाली नाही, नोकरी झाली, आणि १९८९ मध्ये मी परत आलो. बँड त्याआधीच, १९८८ च्या जानेवारीत फुटला होता.

रेकॉर्ड्स समुद्रमार्गे तीन महिन्यांनी आल्या, एक खोकं भिजून. टर्नटेबल मी विमानातून हातात आणला. यार्ड सेलमध्ये १५ डॉलरला घेतलेला, बेल्टवर फिरणारा. २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला, पुढच्या खोलीत अण्णांच्या पेटीशेजारी जागा केली आणि 'झेन आर्केड' लावली.

आवाज आला तो कुणा आजारी माणसाचा. चाल ओळखीची, पण पाय ओढत चाललेली. बॉब मोल्ड जांभई देत ओरडतोय असं वाटत होतं. मी बेल्ट तपासला, तेल घातलं, दोनदा खोलून जोडला. इलेक्ट्रिकल इंजिनिअर मी, आणि मला सुचेना.

अण्णा आरामखुर्चीत होते. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "उतरलंय."

"काय?"

"सूर. उतरलाय. मूळ आहे का तुझ्याकडे?"

मिनीॲपोलिसला याच रेकॉर्डची एक कॅसेट भरली होती, ती होती. कॅसेट प्लेअर बॅटरीवर चालणारा, त्याला इथली वीज काय नि तिथली काय. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, त्यातलं जरा कमी गोंगाटाचं काहीतरी लाव. कमी गोंगाटाचं तिथे एकच होतं. मी तिसरं गाणं लावलं.

आधी कॅसेट. त्यांनी भाता हलवत पेटीवर सूर शोधला, बोट ठेवलं. मग रेकॉर्ड. बोट खाली सरकलं, एक पट्टी, दुसरी, तिसरी. थांबले. मान वाकडी करून पुन्हा ऐकलं.

"तीन पट्ट्या. आणि वर आणखी चिमूटभर." मग पेटी बाजूला सारून खालच्या सुरात 'सा' लावला आणि कॅसेटवरचा सूर त्याच्यावर गाऊन बघितला. "खालचा सा धरलास तर वरचा बरोबर कोमल गंधार होतोय. पेटीतला नव्हे हं, गळ्यातला. पेटीतला जरा उतरलेला असतो. आणि दरबारीतलाही नव्हे, तो तर आणखीच खाली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपली पन्नासची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आवर्तनं बदलत नाही. आणि माझ्या टर्नटेबलची मोटर आवर्तनांशी बांधलेली होती. मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर फिरायची तबकडी इथे पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरत होती. साठास पन्नास, म्हणजे सहास पाच. आणि षड्ज ते शुद्ध श्रुतीतला कोमल गंधार, त्याचंही प्रमाण तेच, पाचास सहा. पेटीच्या सारख्या वाटलेल्या पट्ट्यांत ते नेमकं बसत नाही, म्हणून चिमूटभर उरतं. मी कागदावर आकडेमोड करून अण्णांना दाखवली. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. "तेच म्हणतोय मी," म्हणाले.

मग विचारलं, "म्हणतोय काय हा?"

मी म्हटलं, "काही नाही. कुणाशी तरी अबोला धरलाय त्याने."

त्यांनी गाणं पुरतं ऐकून घेतलं, त्या संथ, उतरलेल्या आवाजात. मग पेपर उचलला. "अबोला धरलेला माणूस एवढं बोलतो होय?"

मी कॅसेट काढून ठेवली.

मोटरवरच्या, बेल्ट फिरवणाऱ्या पुलीचा व्यास पाचास सहा या प्रमाणात वाढवला की झालं. भोसरीला एका लेथवाल्याकडे मूळ पुली घेऊन गेलो. त्याने व्हर्नियरने मापं घेतली आणि विचारलं, "शिलाई मशीनची का, साहेब?" मी हो म्हटलं, नाही तर तासभर गेला असता. त्याने पितळेचा तुकडा चकमध्ये पकडला, वीस मिनिटांत पुली कातून हातात ठेवली, अजून गरम. कडा मोडलेल्या, बेल्ट बसायला मध्ये अगदी बारीकसा फुगवटा, मूळ पुलीवर होता तसाच. तो मी सांगितलेला नव्हता. त्याने पाहिला होता.

घरी बसवली, रेकॉर्ड लावली. बॉब मोल्ड बरा होऊन उठला आणि भिंती हादरायला लागल्या. आतून आई आली. अण्णा म्हणाले, "मला मगाचंच बरं वाटत होतं."

खरं सांगू? थोडंसं मलाही. त्या उतरलेल्या आठवड्यात मी 'लँड स्पीड रेकॉर्ड' ऐकली होती, हुस्कर डूची पहिली. १५ ऑगस्ट १९८१ ला एंट्रीतच ध्वनिमुद्रित झालेली, सतरा गाणी सव्वीस मिनिटांत. नावच वेगाच्या विक्रमाचं. एरवी ती कुणाला कळणं शक्य नाही. आमच्याकडे ती एकतीस मिनिटांची झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यातले शब्द ऐकू आले. ब्लॅक फ्लॅग या बँडच्या 'माय वॉर'ची दुसरी बाजू मात्र पन्नास आवर्तनांवर लावू नये. ती मुळातच एवढी संथ आहे की तिच्यापायी त्यांचे निम्मे चाहते रुसले होते.

अण्णा २००३ मध्ये गेले. ग्रँट हार्ट २०१७ च्या सप्टेंबरात, छप्पन्नाव्या वर्षी. ती बातमी मी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये, फोनवर वाचली आणि त्या संध्याकाळी काहीही लावलं नाही. तेव्हा रेकॉर्ड्स माळ्यावरच होत्या, बेल्ट वितळून डांबर झालेला.

२०२५ मध्ये हुस्कर डूच्या १९८५ सालच्या कार्यक्रमांच्या रेकॉर्ड्सचा एक संच निघाला. त्यात ३० जानेवारी १९८५ चा फर्स्ट ॲव्हेन्यूमधला सगळा कार्यक्रम आहे. त्या हिवाळ्यात मी तिथे दोनदा गेलो होतो. त्यातली एक रात्र हीच असावी. मुलीने ऑर्डर करू का विचारलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. चौथ्या बाजूचा अनुभव ताजा आहे. त्या रात्रीचं जे मला आठवतं त्यातलं किती खरं निघेल, सांगता येत नाही.

नवा बेल्ट मागवला. पितळी पुली काळी पडली होती, चिंचेच्या कोळाने घासली. मुलीने फोनवर वेग मोजायचं ॲप घेतलं आणि फोनच तबकडीवर ठेवून फिरवला. आकडा ३३.४ आला. लेथवाल्याला कळवावंसं वाटलं, पण त्या गल्लीत आता मॉल आहे.

विकायचं काय ते ठरत नाहीये. राखाडी रेकॉर्ड्सना गिऱ्हाईक नाही आणि काळ्याभोर विकायच्या, तर आधी एकदा ऐकायला तर हव्यात. म्हणून गेल्या आठवड्यापासून रोज जेवणानंतर मिनटमेनची एकेक बाजू लावतोय. त्या संग्रहाची गंमत मला आत्ता कळली. हुस्कर डू जोडसंग्रह काढताहेत म्हटल्यावर यांनीही आपल्या एका तबकडीच्या दोन केल्या आणि कव्हरच्या आत 'घ्या, हुस्कर' अशा अर्थाची ओळ छापली. तिघांनी आपापल्या आवडीची गाणी निवडून एकेक बाजू वाटून घेतली, आणि प्रत्येकाची बाजू त्याच्या त्याच्या गाडीच्या इंजिनाच्या आवाजाने सुरू होते. गिटारवाला डी. बून पुढच्याच वर्षी, १९८५ च्या डिसेंबरात, व्हॅनच्या अपघातात गेला. सत्तावीस वर्षांचा होता. पहिल्या बाजूला सुरुवातीला गाडी सुरू होते ती त्याचीच.

चांगले आहेत. मी कट्ट्यावर सांगायचो त्यापेक्षा पुष्कळ चांगले, आणि मी सांगायचो त्या कारणांसाठी नव्हे. हसवतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन बाजू झाल्या. कुणीच न निवडलेली गाणी त्यांनी चौथ्या बाजूला टाकली आणि त्या बाजूला नाव दिलंय 'चॅफ', म्हणजे फोलपटं. पॅकर्स गुरुवारी सकाळी येणार आहेत. बायको म्हणते, टर्नटेबल आजच बांधून टाका. मी तिला सांगितलंय, बुधवारी रात्री बांधतो.